फ्रीजच्या दारावरचा तान्हा पोळा

मे महिन्यात आमच्या वर्धेकडे दुपार सकाळी दहालाच सुरू होते आणि संध्याकाळी सहा वाजले तरी संपायचं नाव घेत नाही. पारा ४५च्या वर. बाहेर झळा, घरात कूलरची घरघर. मुलांना अंगणात सोडायची सोय नाही, झोप म्हणावी तर ती फक्त आईला येते. अशा वेळी घरात एक आवाज दर पाच मिनिटांनी हमखास ऐकू येतो, तो म्हणजे फ्रीज उघडल्याचा. "काय पाहून राहिला रे?" असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारावं, तर उत्तर येतं, "काही नाही." आणि खरंच काही नसतं. नुसतं दार उघडायचं, गार वाऱ्यात तोंड घालून उभं राहायचं, आणि दही, ताक, कालचा आंब्याचा रस यांची हजेरी घेऊन दार लोटून द्यायचं. इकडे विजेचं बिल वाढतं, तिकडे दूध नासतं.

फ्रीज उघडू नको असं दिवसातून चाळीसदा सांगून काही उपयोग होत नाही, हे कोणत्याही आईला सांगायला नको. त्यापेक्षा बंद दारावरच मुलाला काही उद्योग दिला तर? दाराला चिकटणारी चित्रं, अक्षरं, जनावरं घरच्या घरी करता येतात. बाजारातली आणायची गरज नाही. खरं तर लहान मुलं असलेल्या घरात बाजारातली पुष्कळशी आणूच नयेत, आणि त्याचं कारण पुढे येईलच. लागतं ते सगळं आपल्या ट्रंकेत, रद्दीत आणि शिवणाच्या डब्यात असतं. फक्त चुंबक तेवढं मिळवावं लागतं, तेही बहुधा फुकट.

दाराच्या रबरात दडलेलं चुंबक

फ्रीजचं दार घट्ट कसं बसतं, याचा आपण कधी विचार करत नाही. त्याच्या चारी बाजूंच्या पोकळ रबरात एक लांबलचक, वाकणारी, तपकिरी किंवा काळी पट्टी असते. हेच चुंबक. लोहाची चुंबकीय भुकटी रबरात किंवा प्लास्टिकमध्ये कालवून ती बनवतात. पूर्वीच्या फ्रीजना असं रबर नव्हतं, कडी होती, आणि ती फक्त बाहेरून उघडे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुलं अडकून गुदमरली, असं अमेरिकेत वारंवार घडू लागलं. शेवटी १९५६ साली तिथे कायदा झाला की फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. १९५८च्या अखेरीपासून तो लागू झाला. कडी गेली आणि चुंबकाची पट्टी सर्रास आली. आपल्याकडे गोदरेजने पहिला देशी फ्रीज काढला तोही १९५८ सालीच. म्हणजे आज जे चुंबक आपण मुलांच्या खेळासाठी वापरणार आहोत, ते दारात सर्रास बसलं तेच मुलांच्या जिवासाठी.

यावरून एक सांगून टाकते. कोणाच्या गच्चीवर, गोठ्यात किंवा दुकानामागे जुना बंद फ्रीज पडला असेल, तर त्याचं दार काढून ठेवायला लावा. रबराचं दार आतून ढकललं की उघडायला हवं हे खरं, पण तीन वर्षांच्या पोराच्या ढकलण्यावर विसंबून राहू नये.

तर ही पट्टी मिळवायची कुठून? फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे. दाराचं रबर फाटलं की तो नवं बसवतो आणि जुनं फेकून देतो. "दादा, ते जुनं रबर मला द्या" म्हटलं की हसतो, पण देतो. घरी आणून साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवायचं (आत काय काय साचलेलं असतं, विचारू नका), वाळवायचं आणि कात्रीने एका बाजूने चिरत जायचं. पट्टी अलगद बाहेर येते. एका दाराच्या रबरात कितीतरी फूट पट्टी निघते, शेजारणीलाही पुरते.

दुसरी सोय म्हणजे जाहिरातीचे चपटे चुंबकी तुकडे. गॅसवाले, दवाखाने, केकची दुकानं ते वाटत असतात. त्यांचा पातळ पत्रा अक्षरांसाठी उत्तम.

कापण्याआधी एक बघा. या पट्टीची एक बाजू जास्त चिकटते, दुसरी कमी. दोन्ही बाजू दाराला लावून पाहायच्या आणि जिची पकड चांगली, तिच्या उलट बाजूवर पेनाने फुली मारायची. हे केलं नाही तर सगळी शिवण झाल्यावर बैल घसरतो. दोन तुकडे पाठीला पाठ लावून एकमेकांवर घासून पाहिले, तर ते टकटक उड्या मारत सरकतात. त्यांच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे एकाआड एक असतात, म्हणून. माझ्या भाचीने या एका गमतीत अर्धी दुपार काढली, बैल राहिला बाजूलाच!

आता तुमच्या फ्रीजला चुंबक चिकटतं का? रंगवलेल्या पत्र्याला चिकटतंच. काचेच्या दाराला चिकटत नाही, आणि चकचकीत स्टीलच्या काही दारांनाही नाही. हिरमुसायचं कारण नाही. लोखंडी कपाट आहे, धान्याची पत्र्याची कोठी आहे, आजीची ट्रंक आहे. आमच्याकडच्या बहुतेक घरांत लोखंडी कपाटाचं एक दार तरी मोकळं असतं. तेच मुलाच्या उंचीला जास्त सोयीचं.

पण कूलरच्या पत्र्याला मात्र चुकूनही नाही! पाणी आणि वीज यांची जिथे गाठ पडते ती ही जागा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. "तिथे पण चिकटतं ग आई" असं मूल म्हणालं, की तिथेच ठामपणे थांबवायचं. फ्रीजचंही अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. अनवाणी पायांनी, ओल्या हातांनी मूल दिवसभर त्या दाराशी उभं राहणार आहे.

खादीचे बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा. दुसऱ्या दिवशी मुलं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत आणतात, घरोघर जातात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करतात. नागपूरच्या भोसल्यांच्या वेळेपासूनची ही चाल असं सांगतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला. तिथले काही लाकडी बैल इतके मोठे असतात की ओढायला मोठी माणसं लागतात.

तर लाकडाचा नाही, आपण कापडाचा बैल करू. आर्वीकडच्या गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र. त्याला खादीचा तुकडा फार शोभतो, आणि वर्धेत खादीच्या चिंध्यांना काय तोटा? जुन्या सदऱ्याची पाठ, पंचाचा कोपरा, काहीही चालेल.

मुलाला आधी कागदावर बैल काढू द्या. सुमारे चार इंच लांब आणि तीन इंच उंच. त्याचा बैल शेळीसारखा दिसला तरी दुरुस्त करू नका. त्याने काढलेला आहे म्हणूनच तो त्याच्याशी खेळणार आहे. फक्त पाय बारीक असतील तर थोडे जाड करून घ्या, नाहीतर उलटवताना फाटतात. या खाक्यावरून दोन तुकडे कापा. पुढचा जाड खादीचा, आणि मागचा, म्हणजे दाराला टेकणारा, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा. मागचं कापड पातळ हवं. ही पट्टी काही फार जोरकस नसते, जाड कापडातून तिचा जीव पोचत नाही.

मागच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला मलमलीची एक पट्टी ठेवून शेजारी शेजारी तीन बारीक नेफे शिवा, परकराला नाडीसाठी शिवतो तसे. प्रत्येक नेफ्यात दोन इंचांचा चुंबकाचा तुकडा, फुलीची बाजू आपल्याकडे. दोन्ही तोंडं शिवून टाका. एकाच खिशात तीन तुकडे कोंबले तर ते एकमेकांना ढकलतात आणि एकावर एक चढून बसतात. नेफ्यांनी ते आपापल्या जागी राहतात. मग दोन्ही तुकडे उलट बाजूने जोडून शिवा, पोटाशी दोन बोटं जागा ठेवा, उलटवा, कापूस भरा. कापूस थोडाच. गुबगुबीत बैल गोड दिसतो पण दारावरून खाली येतो. भरलेला बैल एकदा लावून पाहायचा आणि मगच पोट शिवायचं. घसरला तर थोडा कापूस काढा.

डोळ्यांना मणी किंवा बटण लावू नका, दोऱ्याच्या गाठीचा टाका घाला. शिंगं कापडाचीच. झूल हा मुलांचा प्रांत! साडीच्या काठाचा तुकडा, राखीचा गोंडा, रंगीत दोरे, जे म्हणतील ते. गोंडा मात्र घट्ट टाचा. कोणाची झूल भारी यावरून आमच्याकडे दोन भावंडांत असं जुंपलं की शेवटी एकाच बैलाला दोन झुली झाल्या.

एका बैलाला मला पाऊण तास लागतो. चार बैल, एक गाडी आणि एक शेतकरीण केली की मुलांची गोष्ट सुरू होते. बैल हरवतो, नदीला पूर येतो, बाजारात कोणीतरी भाव पाडून मागतो. आमच्या घरचे बैल हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन जातात आणि भाव नाही म्हणून परत येतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. घरात मोठ्या माणसांचं बोलणं चालू असतं, मुलं ऐकत असतात.

शिवूनच का, चिकटवून का नाही, असं कोणी विचारील. चिकटवणं सोपं आहे, कबूल. पण फेव्हिकॉलने रबरी पट्टी धड चिकटत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन चांगलं धरतं, पण दोन महिन्यांनी उन्हाने तेही सुटतं आणि चुंबकाचा तुकडा जमिनीवर पडतो. रांगतं मूल असेल तर तो तुकडा कुठे जाणार, हे सांगायला नको. कापडात चहूबाजूंनी शिवलेलं चुंबक बाहेर येत नाही. धुता येतं, फेकून मारलं तरी कोणाला लागत नाही. म्हणून पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: शिवलेलंच.

ग म भ न, आणि वर्धा

बाजारात चुंबकाच्या प्लास्टिकच्या अक्षरांचे संच मिळतात, पण बहुतेक ए बी सी डीचे. मराठी अक्षरं मिळाली तरी काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मिळत नाहीत, आणि त्याशिवाय मराठी शब्द होणार कसा? म्हणून हा संच घरीच करावा असा माझा आग्रह आहे. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, वस्तू तोंडात घालायचं सुटलं, की मग.

लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घ्या. (गणपती असलेला भाग आधीच कापून वेगळा ठेवा. नाहीतर सासूबाई बघतील आणि मग तुमची अक्षरं बाजूला राहतील.) अक्षर तीन इंच उंच, रेघ जाड. आधी रंगीत पेन्सिलीने मुलाला काढू द्या, बाहेरून चौकट आखा आणि चौकटीवर कापा. अक्षराच्या वळणावरून कापत बसू नका, ते मोडतं. मागे जाहिरातीच्या चुंबकाचा निदान दोन इंचांचा तुकडा लावून वरून कापडाचा तुकडा चिकटवा.

सगळी मूळाक्षरं एकदम करायची नाहीत. शाळेत ग, म, भ, न या क्रमाने सुरुवात करतात, कारण त्यांची वळणं सारखी आहेत. आपणही तीच चार घ्यावीत, पण प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे. नुसत्या एवढ्यावर मन, नभ, गगन, नमन, गमन झालं. आणि मगन! वर्धेचं मगन संग्रहालय मुलांनी पाहिलेलं असतंच. मगनलाल गांधींच्या नावाने १९३८ साली उघडलेलं. आता तीन काने करा. मामा, नाना, मान, नाम, भाग, गाभा. मग दोन्ही वेलांट्या, आणि मिनी, मीना, गिनी या मैत्रिणी दारावर येतात.

वेलांटीपाशी खरी मजा आहे. 'मि' म्हणताना आपण आधी म् म्हणतो आणि मग इ. पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे येते. मुलं गोंधळतात ती इथे. वहीत चुकलं की खोडायचं, खोडून कागद फाटायचा, आई रागवायची. दारावर काय, वेलांटी उचलली आणि इकडची तिकडे ठेवली! चूक दिसतच नाही, फक्त जागा बदलते. ज्या मुलाला वही पाहूनच रडू येतं, त्याच्यासाठी हे करून बघा.

अनुस्वाराचा टिंब सुटा करायचा नाही, फार लहान होतो. दोन इंचांच्या शिरोरेषेच्या पट्टीवरच तो काढून टाका आणि ती पट्टी अक्षराच्या डोक्यावर ठेवा. रफारही तसाच.

रफाराचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांचं नशीब थोडं अवघडच. पहिलीत आपल्या गावाचं नाव लिहायचं तर वर्ध्याच्या पोराला रफार, आर्वीच्या पोराला रफार, समुद्रपूरच्याला जोडाक्षर, आष्टीच्यालाही जोडाक्षर. हिंगणघाटचं नाव लांबलचक. सेलूची मुलं सुखी! 'वर्धा' बोलताना र् आधी येतो आणि धा नंतर, पण लिहिताना र धाच्या डोक्यावर जाऊन बसतो. व ठेवा, धा ठेवा, मग रफाराची पट्टी आधी वच्या डोक्यावर ठेवून वाचायला लावा, मग धाच्या. मूल स्वतःच म्हणेल, "आता बरोबर झालं."

यात नवीन काही नाही, आणि ते आमच्या वर्धेला सांगायला तर नकोच. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी देशभरातले शिक्षक आणि विद्वान वर्धेत जमवले होते ते याच विचारासाठी: मुलाच्या हातांना काम द्या, हातांतून डोकं शिकतं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली, आर्यनायकम् पतिपत्नींनी सेवाग्रामला ती प्रत्यक्ष चालवली. जगभर तिला वर्धा योजना म्हणत. आपल्या आत्मचरित्रात गांधीजींनी स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल हळहळ व्यक्त केली आहे आणि मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं, मग अक्षर, असं म्हटलं आहे. अक्षर आधी चित्र म्हणून काढायचं, कापायचं, मग वाचायचं, हे आपण फ्रीजच्या दारावर करतो ते तेच. सेवाग्रामची ती शाळा मध्ये बरीच वर्षं बंद होती; २००५ साली आनंद निकेतन नावाने तिथे पुन्हा शाळा सुरू झाली. तिकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवताना शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य घेतलं. विकतचं साहित्य त्यांना परवडत नव्हतं हे खरं, पण परवडलं असतं तरी त्यांनी ते घेतलं असतं असं मला वाटत नाही.

मिठाची कणीक आणि आजीचा लगदा

शिवणाचा कंटाळा असलेल्यांसाठी मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी, घट्ट मळून घ्यायचं. पाव इंच जाड लाटून शंकरपाळ्याच्या कातणीने किंवा वाटीने आकार पाडायचे. वाळवताना घाई नको. आपल्याकडच्या मेच्या उन्हात तासाभरात भेगा पडतात. एक दिवस सावलीत, उलटसुलट करत, आणि मग दोन दिवस उन्हात. रंग देऊन वर फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन हात द्या. ही चित्रं पावसाळ्यात दमट होतात, हा त्यांचा दोष आहेच. मुलं ती कणीक चाखतात, म्हणून लक्ष ठेवा. इतकं मीठ पोटात जाणं बरं नव्हे.

यापेक्षा मला आजीचा लगदा जास्त आवडतो. जुन्या टोपल्या आठवतात ना, कागदाच्या लगद्याच्या? रद्दीचे तुकडे तीन-चार दिवस भिजत घालायचे, पाणी बदलत राहायचं, मग कुटायचं आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची. मेथीने चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. कुटायला जुना खलबत्ता घ्या. छापील कागदाची शाई असते, स्वयंपाकाचा मिक्सर यात घालू नका. लगद्याची चित्रं मिठाच्या कणकेपेक्षा हलकी होतात, त्यामुळे पट्टीचं चुंबक त्यांना पेलतं. भुलाबाईच्या दिवसांत मुलींनी लगद्याची छोटी भुलाबाई करून दारावर बसवली तर काय बिघडलं?

सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं दाराला लावायची कल्पना कोणी कोणी सुचवतं. (आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून सोड्याचीच म्हणते!) दिसतात छान, पण आकार नेमका घशात अडकण्याजोगा आणि कडा धारदार. मी घेत नाही.

हे मात्र वाचाच

आता बाजारातल्या चुंबकांबद्दल. १९८०च्या सुमारास निओडिमियम नावाच्या धातूची फार जोरकस चुंबकं निघाली. वाटाण्याएवढी चांदीसारखी गोळी, पण दोन एकमेकींना चिकटल्या की बोटांनी सुटत नाहीत. तणाव घालवायचं खेळणं म्हणून अशा गोळ्यांचे डबे विकले जातात. शोभेच्या चित्रांमागेही कधी कधी असली चकती असते.

मुलाने नाणं गिळलं तर आपण घाबरतो, पण बहुतेक वेळा ते बाहेर पडतं. चुंबकाचं तसं नाही. दोन गिळली, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडाचा तुकडा, तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात. मधली आतड्याची भिंत चिमटते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडतं. मूल सुरुवातीला खेळतं-बागडतं असतं, किंवा थोडी उलटी, थोडं पोट दुखणं एवढंच. बाधलं असेल म्हणून आपण ओवा देतो आणि मोलाचे तास निघून जातात.

म्हणून नुसता संशय आला तरी थांबू नका. केळं खायला घालून वाट पाहायची नाही. उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही. तोंडाने काही न देता सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जिथे एक्स-रे आणि ऑपरेशन दोन्हींची सोय आहे. आमच्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. आणि डॉक्टरांना "काहीतरी गिळलं" असं न सांगता "चुंबक गिळलं" असंच सांगायचं. घरातली किती होती आणि किती सापडली, हेही. तसंच दुसरं एखादं असेल तर ते दाखवायला सोबत न्यायचं, पण मुलाच्या अंगाजवळ धरायचं नाही.

फ्रीजच्या रबरातली पट्टी इतकी जोरकस नसते, म्हणून तर ती निवडली. तरी तिचे बारीक तुकडे घशात अडकू शकतातच. कात्रीने कापलेला प्रत्येक कपटा मोजून उचला. कोणतीही सुटी वस्तू सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जात असेल तर ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. दुकानात चुंबकाचं खेळणं घेताना ती खूण आधी बघा, रंग मागाहून.

घरात आजोबांना पेसमेकर बसवलेला असेल, तर नातवंडांनी आपलं चुंबक त्यांच्या खिशात ठेवू नये. त्यापासून वीतभर लांब, एवढं सांगून ठेवायचं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं काळं गोल चुंबकही मुलांना देऊ नका. ते पडलं की कपच्या उडतात.

थोरल्यांना काय?

आठ-नऊ वर्षांची मुलं बैलांना नाकं मुरडतात. त्यांना काम द्यायचं: तुझं चुंबक वर्तमानपत्राची किती पानं दारावर धरून ठेवतं ते मोज. एक, दोन, चार... कुठेतरी सगळं खाली येतं. मग पट्टीचा दुसरा तुकडा जोडून पुन्हा मोज. आकडे वहीत लिहायचे. बहीण-भावांत पैज लागते आणि तास सहज जातो.

दुसरं त्याहून सुरेख. संध्याकाळी पवनारला धाम नदीकाठी गेलात की चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण चिकटून येतात. आपला काळा दगड झिजून ही वाळू झालेली असते आणि त्या दगडात लोहाचं चुंबकीय खनिज असतं, त्याचे हे कण. पिशवी उलटी केली की ते सगळे कागदात पडतात. (पिशवीशिवाय फिरवाल तर कण चुंबकाला धरून बसतात, मग काढता काढता नाकी नऊ.) कण भरपूर जमले की बशीत घालून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधा, बशी कागदावर काढलेल्या टकलू माणसाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि वरून चुंबक फिरवा. त्याला दाढी येते, मिशा येतात, केस उभे राहतात. बशी काचेचीच हवी, म्हणजे चित्र दिसतं. स्टीलच्या बशीत एकदा करून पाहा आणि चेहरा का दिसत नाही ते मुलांनाच विचारा!

हे सगळं साहित्य दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर, मुलाचा हात पोचेल तिथे असू द्या. वरचा भाग आपला: दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, पोलिओच्या डोसाची तारीख. रात्री बैल मोजून डब्यात. पावसाळा लागला की कापडी बैल एकदा धुऊन, कडक उन्हाच्या एखाद्या तासात नीट वाळवून ठेवावेत, कापूस आत ओला राहिला तर कुबट वास येतो. शिवणीही तेव्हाच तपासायच्या. पोळा येतो श्रावणाच्या अखेरीस. झुली बदलायच्या असतील तर साडीच्या काठांची पिशवी आतापासूनच बाजूला काढून ठेवा.